चार्ज होतोय, पण दिसत नाही

"अरे, चार्जिंग होतंय की! मग वायर खराब कशी असेल?"

कराडहून ताईचा फोन होता. नातवाच्या बारशाचे फोटो, व्हिडिओ आणि रोज सकाळी येणारी सुप्रभातं यांनी तिचा मोबाइल गच्च भरला होता. फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत म्हणून तिने केबल लावली. मोबाइलच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह आलं, लॅपटॉपवर मात्र काहीच आलं नाही. लॅपटॉप बंद-चालू करून झाला, मोबाइल बंद-चालू करून झाला, दुसऱ्या बाजूच्या खाचेत पिन घालून झाली. मग भावाला फोन.

"ताई, ही वायर मोबाइलबरोबर आलेली का?"

"नाही रे, ती ह्यांच्या गाडीत असते. ही त्या गळ्यात घालायच्या हेडफोनबरोबर आलेली."

गाडीतली वायर आणायला सांगितलं. ती लावली आणि लॅपटॉप लगेच 'टुडुंग' वाजला. अर्धा प्रश्न सुटला. उरलेल्या अर्ध्याकडे येतोच. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतले काका पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे राहिले. त्यांचं म्हणणं वेगळं, पण सूर तोच: "पेनड्राइव्ह दिसतोय की कॉम्प्युटरमध्ये! मग त्यावरून लॅपटॉप सुरू का होत नाही?"

ही दोन्ही दुखणी मुळात एकच आहेत. यूएसबीच्या टोकापर्यंत वीज पोचणं ही एक गोष्ट आणि दोन यंत्रांचं आपसात बोलणं होणं ही निराळी गोष्ट. बोलणं सुरू झालं तरी भाषा जुळावी लागते, आणि भाषा जुळली तरी परवानगी लागते. घोडं यांपैकी कुठे अडलंय ते कळलं की नव्वद टक्के काम झालं. ते न पाहता आपण सरळ ड्रायव्हर शोधायला लागतो, किंवा 'फॉरमॅट मारून टाक' म्हणतो.

चार पट्ट्या

साध्या चपट्या यूएसबी पिनच्या आत एकदा नीट डोकावून पाहा. धातूच्या चौकटीत प्लॅस्टिकची जीभ असते आणि तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोनांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतील, जवळपास एक मिलिमीटरने. कडेच्या दोन विजेच्या: एकीवरून ५ व्होल्ट येतात, दुसरीवरून वीज परत जाते. मधल्या दोन बोलण्याच्या. पिन आत सरकताना आधी वीज जोडली जावी आणि मगच बोलणं सुरू व्हावं, म्हणून ही लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवली आहे. ताईला जे फोनवर समजावताना माझी दमछाक झाली, ते या एका मिलिमीटरमध्ये लिहून ठेवलेलं आहे.

हेडफोन, ट्रिमर, टेबलावरचा छोटा पंखा, रिचार्जेबल दिवा यांच्याबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये मधल्या दोन तारा घातलेल्याच नसतात. तांबं वाचतं, खर्च वाचतो, आणि पंख्याला कुणाशी बोलायचंही नसतं. बाहेरून बघून फरक अजिबात कळत नाही. म्हणून मी घरात एकदाच बसून सगळ्या केबली चांगल्या मोबाइलवर तपासल्या आणि ज्यांनी फोटो उतरतात त्यांना लाल दोरा बांधून ठेवला. बायको हसली, पण आता तीही दोरा बघूनच केबल उचलते. बिनदोऱ्याच्या केबली मी फेकल्या नाहीत. रेल्वे स्टेशनवर किंवा लॉजमध्ये भिंतीतल्या यूएसबी खाचेतून मोबाइल चार्ज करायचा असेल तर हीच केबल उत्तम. पलीकडे काय जोडलंय कुणास ठाऊक, पण तारच नाही म्हटल्यावर ते तुमच्या मोबाइलशी बोलणार कसं?

केबल चांगली असेल तर पिन आत गेल्यावर काय होतं? मोबाइल किंवा पेनड्राइव्ह बोलण्याच्या तारेवर किंचित व्होल्टेज चढवतो. ती त्याची दारावरची टकटक. कॉम्प्युटर विचारतो, कोण तू? उत्तरात दोन क्रमांक येतात, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. शिवाय मी काय काम करतो आणि मला किती वीज लागेल, हेही सांगितलं जातं. ही ओळखपरेड होईपर्यंत पाहुण्याने १०० मिलिअँपिअरवर (यूएसबी ३ च्या खाचेत १५० वर) भागवायचं असतं. ओळख पटली की यूएसबी २ च्या खाचेतून ५०० आणि यूएसबी ३ च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअरपर्यंत मागता येतात. ओळखपरेडीच्या सुरुवातीलाच कॉम्प्युटर पाहुण्याला १ ते १२७ मधला एक नंबर देतो, आणि सगळं जमलं की तो 'टुडुंग' आवाज येतो.

त्यामुळे विंडोजवरची पहिली तपासणी कानाने करावी. आवाजच आला नाही तर दोष बहुधा केबलमध्ये, खाचेत किंवा पिनमध्ये. सेटिंगमध्ये शोधत बसू नका. पुन्हा पुन्हा टुडुंग-टुडुंग होत असेल तर लूज कनेक्शन किंवा वीज अपुरी. आवाज आला आणि 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी पाटी आली, तर दारात कुणीतरी उभं आहे पण नाव धड सांगत नाही असं समजा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या विंडोजमधल्या यादीत, अशा पाहुण्यापुढे 'कोड ४३' दिसतो. तिथेच त्याच्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करावं, केबल काढावी आणि वेगळ्या खाचेत लावावी. तरी तेच झालं तर केबल बदलावी. आणि आवाज व्यवस्थित येऊनही काही दिसत नसेल, तर तारा ठीक आहेत, अडचण भाषेची किंवा परवानगीची आहे.

खाच बदलणे हा उपाय पोरकट वाटतो, पण त्याला कारण आहे. डेस्कटॉपच्या पुढच्या खाचा कॅबिनेटच्या आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेल्या असतात. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर बसवलेल्या असतात. मधली ती वायर सैल झाली, धूळ बसली, की पुढून माउस चालतो पण पेनड्राइव्ह रडतो. एका खाचेच्या चार करणारा हब लावला असेल तर तोही मधून काढून टाका, तेवढंच एक दार कमी.

यूएसबी पहिल्यांदा आलं जानेवारी १९९६ मध्ये. त्याआधी कीबोर्डची खाच वेगळी, माउसची वेगळी, प्रिंटरची तर हातभर रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रू पिळायचे. हे सगळं एका खाचेत आणणाऱ्या इंटेलच्या चमूत पुढे होते अजय भट्ट, मूळचे बडोद्याचे आणि तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पिन पहिल्या खेपेला कधीच बरोबर बसत नाही, हा जगाचा त्यांच्यावरचा राग त्यांना ठाऊक आहे. कशीही बसणारी पिन केली असती तर तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते, असं त्यांनी नंतर सांगितलं. कशीही बसणारी टाइप-सी पिन यायला २०१४ उजाडलं.

मोबाइल दिसतो, पण आत काही नाही

ताईचा उरलेला अर्धा प्रश्न हा. टुडुंग झालं, लॅपटॉपवर तिच्या मोबाइलचं नाव आलं, आत गेलं तर फोल्डर रिकामं. "सगळे फोटो गेले का रे?" तिचा आवाज बारीक झाला होता.

फोटो कुठेही गेले नव्हते. मोबाइल लॉक होता आणि 'फक्त चार्जिंग'वर होता. २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून मोबाइल केबल लागल्यावर आपणहून काहीही दाखवत नाही. लॉक उघडायचं, वरून पडदा खाली ओढायचा, 'चार्जिंग धिस डिव्हाइस' अशा अर्थाची सूचना असते तिच्यावर बोट ठेवायचं आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. दर वेळी. हा वैताग नाही, कुलूप आहे. मोबाइल कुणी पळवला आणि कॉम्प्युटरला लावला तरी कुलूप उघडल्याशिवाय त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून.

आता थोडं मागे जाऊ, कारण इथे बरेच जण म्हणतात की जुना मोबाइल तर पेनड्राइव्हसारखा सरळ दिसायचा, आताच काय झालं. बरोबर आहे त्यांचं. जुने मोबाइल आपलं मेमरी कार्ड अख्खंच्या अख्खं कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचे. पण एका कप्प्यात एका वेळी एकानेच हात घालायचा हा नियम. दोघांनी लिहायला घेतलं तर वाट लागते. म्हणून कॉम्प्युटरला कार्ड दिलं की तेवढा वेळ मोबाइललाच ते दिसेनासं व्हायचं. कार्डावर ठेवलेली गाणी बंद, ॲप गायब. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडने ही पद्धत सोडली आणि 'एमटीपी' नावाची भाषा धरली. यात कपाटाची किल्ली कॉम्प्युटरला मिळत नाही. तो काउंटरवर उभा राहून मागतो, 'अमुक फाइल द्या', आणि मोबाइल आतून आणून देतो. रेशनच्या दुकानासारखं: पोत्यात हात घालायचा नाही, कार्ड दाखवायचं, माल मिळतो.

एकदा हे डोळ्यांपुढे आलं की एमटीपीचे सगळे चमत्कारिक स्वभाव समजतात. आठ हजार फोटोंचं फोल्डर उघडायला वेळ का लागतो? काउंटरवरचा माणूस आत यादी करतोय. मोबाइलमधली फाइल तिथल्या तिथे उघडून बदल करून सेव्ह का होत नाही? पोतं तुमच्या हातात नाही. अर्ध्यात केबल हलली तर सगळं का थांबतं? रांग मोडली. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी ताईकडून दोनदा वदवून घेतला: कट-पेस्ट करायचं नाही. आधी कॉपी, मग लॅपटॉपवर चार फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघायचा, मग मोबाइलमधून काढायचे. आणि सगळं एका दमात न उचलता पाचशे-पाचशेच्या तुकड्यांनी.

टाइप-सीची आणखी एक गंमत. तिच्यात विजेच्या आणि परतीच्या मिळून आठ जागा असतात, साध्या यूएसबी २ च्या बोलण्याच्या त्या मानाने थोड्या. खिशातला कापूस खाचेच्या तळाशी ठासून बसला की पिन पूर्ण आत जात नाही. चार्जिंग कसंबसं चालतं, बोलणं तुटतं. पिन 'टक्' करून बसत नसेल तर मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कचरा काढा. टाचणी, सुई, केसातली पिन अजिबात नको. माझ्या भाच्याच्या मोबाइलमधून मी मुगाच्या डाळीएवढी गोळी काढली होती, घट्ट दाबलेली, निळ्या जीनच्या रंगाची. तोवर तो नवा मोबाइल घ्यायच्या बेतात होता.

आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये लावली तर यजमान कोण आणि पाहुणा कोण यावरून गोंधळ होऊ शकतो, कारण दोघेही दोन्ही होऊ शकतात. मग मोबाइलच लॅपटॉपला वीज पुरवायला लागतो आणि 'फाइल ट्रान्सफर' फिकं दिसतं. त्या सूचनेच्याच पानावर 'यूएसबी कंट्रोल्ड बाय' असं असतं, तिथे 'कनेक्टेड डिव्हाइस' निवडा. नाहीतर एका बाजूला जुनी चपटी पिन असलेली केबल वापरा. तिथे यजमानपद आधीच ठरलेलं असतं.

आयफोनचं थोडक्यात. लॉक उघडून केबल लावली की 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' विचारतो. 'ट्रस्ट' म्हटल्याशिवाय काही दिसणार नाही, आणि म्हटल्यावर विंडोजवर फोटो-व्हिडिओंचं फोल्डर तेवढं दिसेल. कॉपी करता करता 'डिव्हाइस इज नॉट फंक्शनिंग' असा निरोप येत असेल तर केबलला दोष देऊ नका. आयफोन बरेचसे फोटो जाता जाता जेपेगमध्ये बदलून देत असतो आणि त्या खटाटोपात धापा टाकतो. फोटोंच्या सेटिंगमध्ये अगदी खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'कीप ओरिजिनल्स' करा. मॅकवाल्यांना उलट अडचण: मॅकला एमटीपी मुळात येतच नाही, अँड्रॉइडसाठी तिथे वेगळं ॲप टाकावं लागतं.

'यूएसबी डिबगिंग' मात्र फोटो उतरवायला लागत नाही. इंटरनेटवरच्या बऱ्याच व्हिडिओंत आधी तेच चालू करायला लावतात. ते ॲप बनवणाऱ्यांसाठीचं मागचं दार आहे. गरज नसेल तर बंद ठेवा.

काकांचा पेनड्राइव्ह

काकांकडे २०१६ चा लॅपटॉप. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यांच्या प्रोसेसरला चालत नाही. अमेरिकेतल्या मुलाने सांगितलं, बाबा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका. काकांनी तिची सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवली, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पेस्ट केली, लॅपटॉप सुरू केला, आणि नेहमीचं विंडोज आलं.

"कॉपी झाली की पूर्ण. मी हिरवी पट्टी शेवटपर्यंत पाहिली."

"काका, घराचा नकाशा गुंडाळून प्लॉटवर ठेवला तर घर उभं राहतं का?"

आयएसओ फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कचा नकाशा. पहिल्या कणापासून कुठे काय असावं ते त्यात असतं. तो पेनड्राइव्हवर उलगडून मांडावा लागतो, नुसता ठेवून चालत नाही. याचं कारण लॅपटॉप जागा होताना किती अडाणी असतो त्यात आहे. बटण दाबल्यावर विंडोज नसतं, लिनक्स नसतं, कॉपी केलेल्या फायली उघडणारं कुणीच नसतं. असतो फक्त मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा कार्यक्रम. जुन्या मशीनमध्ये त्याचं नाव बायॉस. त्याला एवढंच कळतं: डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे, शेवटचे दोन बाइट '५५' आणि 'एए' आहेत का बघायचे, असले तर त्या पानावर लिहिलंय ते करायचं. नसले तर पुढच्या डिस्ककडे. नव्या मशीनमधला यूईएफआय थोडा शिकलेला आहे. त्याला फॅट पद्धतीची मांडणी वाचता येते. तो पेनड्राइव्हवर 'ईएफआय' नावाचं फोल्डर, त्यात 'बूट' नावाचं फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल शोधतो. मिळाली तर ती चालवतो, नाहीतर गपचूप पुढे जातो. तक्रार दोघेही करत नाहीत. म्हणूनच काकांच्या लॅपटॉपने 'तुमचा पेनड्राइव्ह चुकलाय' असं सांगितलं नाही. सरळ विंडोज सुरू केलं.

नकाशा मांडायचं काम रुफससारखा छोटा प्रोग्रॅम करतो. त्यात एक प्रश्न असतो ज्यावर निम्मे लोक गडबडतात: 'एमबीआर की जीपीटी', म्हणजे डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची की नव्या. मशीन गेल्या दहाएक वर्षांतलं असेल तर जीपीटी आणि यूईएफआय. त्याहून फार जुनं, यूईएफआय नसलेलं असेल तर एमबीआर आणि बायॉस. पुढे विंडोज टाकताना 'द सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल' असं म्हणून अडवणूक झाली, तर डिस्क खराब नाही. आतल्या डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची आणि तुम्ही पेनड्राइव्ह सुरू केलात नव्या पद्धतीने. बूट मेनूत, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीत, एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नावामागे 'यूईएफआय' लावून आणि एकदा तसाच, तो याचसाठी. योग्य तो निवडा. घाईत डिस्क पुसू नका.

दुसरा अडथळा चार जीबीचा. यूईएफआयला कळणाऱ्या फॅट३२ मांडणीत एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही, आणि हल्लीच्या विंडोजमधली 'इन्स्टॉल डॉट विम' ही एकटीच बहुधा त्याहून मोठी असते. हाताने फायली टाकून बूटेबल पेनड्राइव्ह करणारे इथे ठेचकाळतात: शेवटच्या मोठ्या फाइलपाशी 'फाइल टू लार्ज'. रुफस यातून एक पळवाट काढतो. मोठा भाग विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत आणि शेजारी एक चिमुकला फॅट विभाग, ज्यात एनटीएफएस वाचायला शिकवणारा दुभाषी बसवलेला असतो.

काकांचा पेनड्राइव्ह रुफसने तयार केला. लॅपटॉप बंद केला, चालू केला, बूट मेनूसाठी एफ १२ दाबत राहिलो. विंडोज. पुन्हा. विंडोज. इथे विंडोजची एक सवय आडवी येते: 'शट डाउन' म्हटल्यावर ते पूर्ण झोपत नाही. आपलं अर्धं सामान डिस्कवर बांधून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. त्याला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात, आणि अशा सुरुवातीत काही मशीन तुमच्या एफ १२ कडे बघतही नाहीत. उपाय: शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट'वर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' असेल तर तिथूनच पेनड्राइव्ह निवडता येतो. नसेल तर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. बूट मेनूची कळ डेल आणि लेनोवोत बहुधा एफ १२, एचपीत एफ ९, आसूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ १२, पण बऱ्याच मॉडेलांत ती आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ज्या लॅपटॉपवर एफच्या कळांनी आवाज कमी-जास्त होतो तिथे सोबत एफएन दाबा.

थांबा, इथे एक धोक्याची पाटी. या सेटिंगमध्ये शिरण्याआधी, विशेषतः 'सिक्युअर बूट' बंद करण्याआधी, तुमची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहा. घरगुती लॅपटॉपमध्ये ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असतं आणि पुष्कळदा तुम्हाला न विचारता चालू झालेलं असतं. सिक्युअर बूट बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, पण ते खातं कुणी, कोणत्या ईमेलने उघडलं होतं हे आठवतंय का? किल्ली नसेल तर आतले फोटो, हिशेब, सगळं कायमचं बंद. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा प्रबंध असा गेला. पेनड्राइव्ह चांगला होता, लॅपटॉपही चांगला होता. किल्ली आधी कागदावर उतरवा, मगच पुढे जा.

सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा रखवालदार. ओळखीची सही असलेलाच प्रोग्रॅम आत सोडतो. लिनक्स मिंट, उबुंटू यांच्यावर तशी सही असते, म्हणून तो बंद करायची गरज बहुधा पडत नाही. मात्र फार जुनी आयएसओ वापरू नका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्सच्या सह्या रखवालदाराने नाकारायला सुरुवात केली आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' अशी पाटी बऱ्याच जणांनी पाहिली. नवी आयएसओ उतरवा, हा त्यावरचा सर्वांत सोपा उतारा.

बूट झालं, विंडोजचा इन्स्टॉलर आला, पण 'कुठे टाकू' विचारताना आतली डिस्कच दिसत नाही, असंही होतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये हे जास्त. तिथे डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या पडद्याआड असते आणि इन्स्टॉलरला तो पडदा उघडता येत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर आणून दुसऱ्या पेनड्राइव्हवरून 'लोड ड्रायव्हर' करा.

असाच प्रकार विंडोज ७ चा. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपायी ते अजूनही टाकणारे भेटतात. २०१५ नंतरच्या मशीनवर पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर छान सुरू होतो आणि पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस मरतो. कारण तोवर बोलत होता मदरबोर्डचा कार्यक्रम; आता सूत्रं विंडोज ७ कडे आली आणि त्याला यूएसबी ३ ची भाषाच येत नाही. ज्या खाचेतून तो आत आला तीच खाच त्याला परकी.

स्वस्तातल्या पेनड्राइव्हबद्दलही एक शब्द. रस्त्यावर दोनशे रुपयांत ५१२ जीबी मिळत असेल तर आत बहुधा ८ किंवा १६ आहेत आणि चिप खोटं बोलते. कॉपी पूर्ण झाल्याचं दाखवते, प्रत्यक्षात जुन्यावरच नवं लिहीत असते. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतो आणि खोटं उघडं पाडतो. इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर कोसळत असेल तर आधी हे करा.

पेनड्राइव्ह यूएसबी ३ च्या निळ्या खाचेत दिसत नसेल तर एक युक्ती आहे, ऐकायला जादूटोण्यासारखी. यूएसबी ३ च्या पाच जास्तीच्या पट्ट्या मागे, आतल्या बाजूला असतात. पिन अगदी सावकाश सरकवली तर पुढच्या चार आधी लागतात आणि पेनड्राइव्ह यूएसबी २ म्हणून ओळख सांगतो. वेग कमी, पण काम भागतं. उलट पेनड्राइव्ह उगाच मंद चालत असेल तर काढून झटक्यात घाला. आणि त्याच्या शेजारच्या खाचेत वायरलेस माउसचा ठोकळा असेल तर तो लांब लावा. यूएसबी ३ च्या गोंगाटाने माउस अडखळतो.

काकांच्या लॅपटॉपवर मिंट आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, डिस्कला हात न लावता. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी टायपिंग झालं, बँकेची साइट उघडली. मग टाकलं. तासाभरात काका चहा पीत त्यावर पेपर वाचत होते.

दोन दिवसांनी पुन्हा बेल वाजली.

"अरे, तो पेनड्राइव्ह गेला वाटतं. ३२ जीबीचा होता, मुलीच्या लॅपटॉपवर काही एमबीचाच दिसतोय. वर फॉरमॅट करू का विचारतोय."

गेला नव्हता. नकाशा मांडताना त्याचे लिनक्सच्या सोयीचे तुकडे झाले होते आणि विंडोजला त्यातला एक चिमुकला तुकडाच वाचता येत होता. डिस्कपार्ट नावाच्या काळ्या पडद्यावरून हे सुधारता येतं, पण तिथे डिस्कचा नंबर चुकला तर पेनड्राइव्हऐवजी लॅपटॉपच साफ होतो. त्यापेक्षा पुन्हा रुफस उघडावं, पेनड्राइव्ह निवडावा, 'बूट सिलेक्शन'मध्ये 'नॉन बूटेबल' करावं आणि स्टार्ट दाबावं. पाऊण मिनिट लागलं.

"२९ च्या आसपास दाखवतोय. उरलेले तीन?"

"काका, कंपनी हजाराने मोजते, विंडोज एक हजार चोवीसने."

काकांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला. निवृत्तीपर्यंत बँकेत होते ते. "आमच्याकडे असं मोजलं असतं तर ऑडिटला काय सांगितलं असतं?" म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.